पाटीवरचे नाव

जानेवारी 1993 च्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी आमच्या शेजाऱ्यांच्या दारावरची नावाची पाटी उतरवली. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. स्टुलावर मी चढलो, स्टूल वडिलांनी धरले, आणि स्क्रूड्रायव्हर काकांनी स्वतःच आपल्या घरातून आणून दिला. पाटी त्यांचीच. निळ्या लाकडावर पांढऱ्या मराठी अक्षरांत नाव आणि खाली गाव. काका मूळचे रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. घरात बोलायचे ते आमच्यापेक्षा जुने मराठी. खाली जिन्यापाशी चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची नावे रंगवलेला फळा होता. त्यावरच्या चौदाव्या नावावर चाळीच्या चिटणिसांनी काळा रंग फिरवला.

त्या रात्री पोरांचा एक जथा खाली आला, ‘इथे कोण कोण राहतात’ म्हणून विचारून गेला. चिटणिसांनी फळ्याकडे बोट दाखवले. काका, काकी आणि त्यांची दोन मुले आमच्या खोलीत होती. माझ्या आईने दिवा लावला नव्हता, स्टोव्हही पेटवला नव्हता. दोन रात्रींनंतर ते कुटुंब गावी गेले.

ही हकीकत आमच्या चाळीत पुढे तीस वर्षे अभिमानाने सांगितली गेली. मीही सांगितली आहे. एकदा तर व्यासपीठावरून. ती खोटी नाही. पण तिचा उत्तरार्ध आम्ही कधी सांगत नसू. मार्चमध्ये काका परत आले. पाटी आमच्या पोटमाळ्यावर होती. ती पुन्हा लावू, असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणालो नाही. मग 12 मार्चचे बॉम्बस्फोट झाले, 257 माणसे गेली, आणि त्यानंतर तर विषयच निघाला नाही. फळ्यावरचे चौदावे नाव काळेच राहिले. वर्षभरात काकांनी खोली विकली आणि ते मुंब्र्याला गेले.

गेली दहा-बारा वर्षे मी दंगलींवरची पुस्तके, आयोगांचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रे जमतील तशी वाचत आलो आहे. विद्यापीठाशी माझा संबंध पदवीपुरताच, त्यामुळे या वाचनाला शिस्त नाही. मात्र त्यामागचा प्रश्न एकच आहे: द्वेषातून हिंसा झाल्यावर मुसलमान शेजाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे नेमके काय करणे?

मराठीत यासाठी ‘शेजारधर्म’ हा फार चांगला शब्द आहे. किल्ली शेजारी ठेवणे, वाटीभर साखर, अडीनडीला पोर सांभाळणे, दिवाळीला फराळाचे ताट आणि ईदला शिरखुर्मा. हा धर्म पाळणाऱ्याला शेजाऱ्याचा धर्म विचारावा लागत नाही. पण तो घरापासून घरापर्यंतचा असतो. दार लोटले की तो पुरा होतो, त्याला साक्षीदार लागत नाही. 1993 साली आम्ही जे केले ते याच जातीचे होते. आम्ही काकांना लपवले. त्या रात्री तेच करायला हवे होते, याबद्दल मला आजही शंका नाही. शंका आहे ती पुढच्या वर्षाबद्दल.

त्या काळात मुंबईत काय झाले, ते आकड्यांत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग जानेवारी 1993 मध्ये नेमला गेला, 1996 मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला, त्याच वर्षी पुन्हा सुरू केला, आणि फेब्रुवारी 1998 मध्ये अहवाल सादर झाला. डिसेंबर आणि जानेवारी मिळून 900 मृत्यू: 575 मुसलमान, 275 हिंदू, उरलेल्यांत ओळख न पटलेले 45 आणि इतर 5. मेलेल्या हिंदूंत जोगेश्वरीच्या चाळीत बाहेरून कडी घालून जाळलेले कुटुंबही आहे. ते विसरून हा विषय मांडू नये. जानेवारीतल्या संघटित हल्ल्यांसाठी आयोगाने शिवसेनेला जबाबदार धरले. त्यातला एक तपशील वाचताना मी थांबलो. हल्लेखोरांच्या हातात मुसलमानांच्या दुकानांच्या आणि मतदारांच्या याद्या होत्या, असे अहवाल म्हणतो.

म्हणजे आमच्या फळ्यावरचे चौदावे नाव पुसून काही विशेष साधले होते, असे नाही. ते नाव आधीच कुठल्यातरी यादीत असणार. चिटणिसांनी बोट दाखवले आणि पोरे परत गेली, यात काळ्या रंगापेक्षा चिटणिसांच्या तोंडाला आणि पोरांच्या घाईला जास्त श्रेय असावे.

शेजारधर्म पुरत नाही, हे मला पहिल्यांदा आकड्यांनिशी पटवले ते राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांच्या 2002 साली आलेल्या पुस्तकाने. त्यांनी आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची वर्तमानपत्रांवरून मोजदाद केली. खेड्यांतल्या दंगलींत गेलेले बळी एकूण बळींच्या साधारण चार टक्के निघाले. उलट, मुंबई आणि अहमदाबादसह अवघ्या आठ शहरांच्या वाट्याला जवळजवळ निम्मे बळी आले. त्यांचा खुलासा असा: खेड्यात माणसे रोज एकमेकांना भेटतात, आणि अफवा खरी की खोटी ते पारावर तासाभरात कळते. शहरात लाखो अनोळखी माणसे असतात. तिथे माझे काकांशी असलेले नाते पुढच्या गल्लीतल्या जमावाला ठाऊक नसते आणि त्याच्याशी त्याला देणेघेणेही नसते. शहरात नाती संघटनांत बांधलेली असावी लागतात. व्यापारी संघ, कामगार युनियन, वाचनालय, क्लब, ज्यात दोन्ही समाजांची माणसे कामासाठी एकत्र बसतात. कालिकत आणि अलिगढ यांची तुलना करून त्यांनी हे दाखवले आहे. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे की, सरकारने मनावर घेतले तर दंगल थांबते, संघटना असोत वा नसोत. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते, आणि ते एका ठिकाणी एकत्र दिसते, ते ठिकाण म्हणजे भिवंडी.

भिवंडी मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर, यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, जुने कोकणी मुसलमान, आगरी, मराठे. दिवसरात्र मागांचा खडखडाट. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी तिथे दंगल पेटली आणि जळगावपर्यंत तिचे लोण गेले. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा दंगल झाली. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर महाराष्ट्रात ‘भिवंडी’ म्हटले की दंगल, असे समीकरणच झाले होते. म्हणून डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली तेव्हा सगळ्यांच्या नजरा भिवंडीकडे लागल्या होत्या. तिथे काहीच झाले नाही.

त्याचे कारण चार वर्षे आधीचे होते. 1988 मध्ये सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समिती तिथे आधीही होती, जशी ती सगळीकडे असते. पुढारी, कारखानदार, मौलवी, दोन वकील. तणाव निर्माण झाला की पोलीस ठाण्यात बोलावायचे, चहा पाजायचा, भाईचाऱ्याचे आवाहन करून घ्यायचे. ज्यांच्या घरांना आग लागते ती माणसे या समितीत नसत, आणि ज्यांची पोरे आग लावतात तीही नसत. खोपडे यांनी वेगळे काढले ते हेच. त्यांनी मोहल्ला समित्या नेमल्या, सुमारे सत्तर. प्रत्येक भागासाठी एक, तिचे काम एका पोलीस अधिकाऱ्याकडे, आणि सदस्य त्याच भागातली साधी माणसे: माग चालवणारे, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले. हिंदू आणि मुसलमान एकाच समितीत.

या बैठका तणाव नसताना होत, आणि माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे. त्यात तुंबलेले गटार निघे, नळाचे भांडण निघे, नवरा-बायकोची मारहाण, रस्त्यावर उभी केलेली हातगाडी निघे. आपल्याकडे सलोख्याच्या सभेत गटार निघाले तर अध्यक्षांना तो विषयांतराचा प्रकार वाटतो. पण गटारावरून चार वेळा भांडून झालेल्या माणसांना एकमेकांची नावे ठाऊक होतात, कोण तोंडाळ आहे आणि कोण शब्दाचा पक्का, हे कळते. पाचव्या वेळी अफवा येते तेव्हा कोणाला विचारायचे, हे माहीत असते. पोलिसालाही मोहल्ल्यात शिरताना हेल्मेट घालून शिरावे लागत नाही. खेड्यातला पार जे काम आपोआप करतो, ते इथे शहरात नेटाने, बैठकांच्या वह्या ठेवून केले गेले.

खोपडे पुढे बदलून गेले. डिसेंबर 1992 मध्ये भिवंडीत उपायुक्त होते गुलाबराव पोळ. त्यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या आणि त्या दिवसांत त्यांचा उपयोग करून घेतला. म्हणजे यशात सरकारी अधिकारी होते आणि संघटनाही होती. मात्र ही संघटना एका खात्यातल्या एक-दोन माणसांच्या इच्छेवर उभी होती, आणि ती माणसे बदलीची होती. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून, कब्रस्तानाच्या जागेच्या वादात, भिवंडीत पुन्हा रक्त सांडले. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. ज्या गावात मोहल्ला आणि पोलीस एका सतरंजीवर बसत, त्याच गावात. समिती ही गोष्ट एकदा स्थापन करून मोकळे होण्याची नाही, एवढा बोध मी त्यातून घेतला.

भिवंडीचा धडा मुंबईने दंगलीनंतर गिरवला. 1994 मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि इतर काहींनी मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. तिच्या क्रिकेट सामन्यांना काही जण हसत. मी पोरांना एकत्र खेळताना पाहिले आहे. हसण्यासारखे त्यात काही नाही. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी चार धर्मांच्या वेशातल्या चार मुलांचे ‘हम सब एक हैं’ पोस्टर घरोघर, दुकानोदुकानी आणि पोलीस ठाण्यांपर्यंत पोचवले. त्यांच्या मैत्रीवर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी 2003 मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला. पोस्टरबाजीबद्दल मला एरवी फारसे प्रेम नाही. पण ते पोस्टर दुकानात लावायचे म्हणजे दुकानदाराला आपली बाजू भिंतीवर टांगावी लागते, गिऱ्हाइकांसमोर. शेजारधर्म दाराआड राहत नाही, तो असा बाहेर येतो.

माझा एक आक्षेप मात्र आहे. या समित्या बहुतेक ‘संवेदनशील’ भागांत निघाल्या, आणि संवेदनशील म्हणजे मुसलमानांची वस्ती जिथे आहे तो भाग. आमच्या चाळीसारख्या, जिथून मुसलमान निघून गेले, त्या जागांना कोणी संवेदनशील म्हटले नाही. तिथे आता सगळे शांत होते.

आतापर्यंत लिहिले ते मुख्यतः हिंसा टाळण्याविषयी झाले. हिंसा होऊन गेल्यावर शेजाऱ्याने काय करायचे, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला मुंबईत मिळाले नाही. ते जानेवारी 1948 च्या दिल्लीत मिळाले. फाळणीच्या दंगलींनंतर दिल्लीतले हजारो मुसलमान पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीच्या आवारातल्या छावण्यांत होते, त्यांच्या घरांत पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेले हिंदू-शीख निर्वासित शिरले होते. 13 जानेवारीला गांधीजी उपोषणाला बसले. 18 तारखेला निरनिराळ्या पक्षांच्या आणि समाजांच्या प्रतिनिधींनी लेखी हमी दिली तेव्हा त्यांनी ते सोडले. आपण शाळेत एवढेच शिकतो की उपोषण ‘हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी’ होते. त्या हमीतली कलमे कोणी शिकवत नाही, आणि ती विलक्षण आहेत, कारण त्यांत भावनेचा भाग फार थोडा आहे. मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन यांचा उरूस दरवर्षीप्रमाणे भरेल. मुसलमानांना सब्जी मंडी, करोल बाग, पहाडगंज या भागांत पूर्वीसारखे हिंडताफिरता येईल. ताब्यात घेतलेल्या मशिदी परत केल्या जातील. पळून गेलेले परत येऊ इच्छितात त्यांना आडकाठी होणार नाही. मुसलमानांशी व्यापारावर बहिष्कार राहणार नाही.

प्रत्येक कलम तपासून पाहता येते: उरूस भरला की नाही, मशीद परत दिली की नाही. 27 जानेवारीला गांधीजी स्वतः मेहरौलीच्या उरुसाला गेले. तीन दिवसांनी त्यांचा खून झाला, आणि खुनी आमच्या मराठी मुलखातला होता.

ही कलमे मी वहीत उतरवून काढली आणि समोर आमच्या चाळीचे 1993 ठेवले. उरुसाच्या जागी पाटी धरली. काकांचे मोहम्मद अली रोडवर कापडाचे छोटे दुकान होते, ते लुटले गेले. पंचनाम्याच्या वेळी त्यांच्यासोबत चाळीतले कोणी गेले नाही. नुकसानभरपाईच्या अर्जावर ओळख पटवायला दोन सह्या लागत होत्या. त्या काकांनी दुकानाजवळच्या लोकांकडून आणल्या, आमच्याकडे मागितल्याच नाहीत. त्या दंगलीतल्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक पोलिसांनी ‘अ समरी’ म्हणून, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असे म्हणून बंद केले. त्यात पोलिसांचा दोष आयोगाने स्पष्ट सांगितला आहे. पण त्या रात्री खाली आलेल्या जथ्यातली दोन पोरे आमच्या ओळखीची होती. त्यांतले एक माझ्या वर्गात होते. हे मी कोणाला सांगितले नाही, आणि मला कोणी विचारलेही नाही. लपवण्याच्या रात्री मी शूर होतो. साक्ष द्यायच्या वर्षी मी नव्या नोकरीत होतो.

हे सगळे जुने उकरण्याचे कारण जुने नाही. जून 2014 मध्ये पुण्यात हडपसरला समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून वातावरण तापले असताना नमाजहून परतणाऱ्या एका तरुण मुसलमान आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकले. त्या चित्रांशी त्याचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची पाटी. सप्टेंबर 2023 मध्ये सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला अशाच एका मजकुरावरून जमाव मशिदीत घुसला आणि आतला एक तरुण मारला गेला. पुसेसावळी हे खेडे आहे. वार्ष्णेय यांचा चार टक्क्यांचा हिशेब 1995 ला संपतो, हातातल्या फोनच्या फार आधी. पारावर तासाभरात पडताळून पाहता येणारी अफवा आता पाराला वळसा घालून थेट हजार खिशांत पडते. खेड्यालाही आता शहरासारखी, वह्या ठेवून चालवलेली बैठक लागणार, असे मला वाटते. ज्या मुलखात, शेजारच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत आजही हिंदू-मुसलमान मिळून उभारतात, तिथेसुद्धा.

गेल्या वर्षी आमची चाळ पुनर्विकासाला गेली. सामान आवरताना पोटमाळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी सापडली. कागद एप्रिल 1993 चा होता. म्हणजे काका परत आल्यानंतर, ते शेजारी राहत असताना, आमच्याच घरातल्या कोणीतरी ती नीट गुंडाळून ठेवली होती. आईला विचारले. ती म्हणाली, “लागेल म्हणून ठेवली.”

पाटी घेऊन मी मुंब्र्याला गेलो. काकी राहिल्या नाहीत. काकांनी ऐंशी ओलांडली आहे, ऐकू कमी येते. माझ्या वडिलांची चौकशी केली, चिटणिसांची केली. मी पिशवीतून पाटी काढली तेव्हा सुनेने ती हातात घेऊन पाहिली आणि हसून म्हणाली, “अब्बा, ही मराठीत आहे. इथे कोण वाचणार?” इमारतीतल्या बाकीच्या पाट्या उर्दूत किंवा इंग्रजीत होत्या. काकांनी उत्तर दिले नाही. मी त्यांना, थोडे मोठ्याने, म्हणालो, “काका, तेव्हाच लावायला हवी होती.” त्यांना ऐकू आले असावे. त्यांनी नातवाला हाक मारून स्क्रूड्रायव्हर मागवला, पाटीच्या मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, “स्क्रू ठेवले नाहीस काय रे?”

स्क्रू मी ठेवले नव्हते. नातू खाली हार्डवेअरच्या दुकानात गेला.